ठमाईच्या कोंडातले खडस

बोरखोल गावाच्या खाली गोरंबी नदी दोन कातळांमधून वळते आणि वळता वळता थांबल्यासारखी होते. तिथे जो खोल डोह झाला आहे, त्याला गावात ठमाईचा कोंड म्हणतात. चैत्र-वैशाखात वरची नदी आणि खालची नदी म्हणजे नुसती गोट्यांची वाट उरते. कोंडात मात्र पाणी असते. हिरवट, गार, तळ आता दिसेल असे वाटायला लावणारे आणि शेवटपर्यंत तळ न दाखवणारे. काठावरचा उंबर पाण्यावर ओणवा झाला आहे. त्याचे पिकलेले फळ पाण्यात पडले की खालून एक सावली वर येते, फळ नाहीसे होते आणि सावली पुन्हा खाली जाते.

ते खडस. हातभर लांबीचे, काही त्याहूनही मोठे. पितळी अंग, अंगठ्याएवढे मोठे खवले, ओठ मांसल आणि ओठांच्या कडेला दोन्ही बाजूंनी मिशा. हा मासा गढूळ, घाण पाण्यात टिकत नाही. त्याला स्वच्छ, गार पाणी लागते आणि अंडी घालायला वरच्या ओहोळांतली वाळू-खडी लागते. उन्हाळ्यात ओहोळ आटले की सगळ्या नदीतले खडस अशा दोन-तीन कोंडांत येऊन राहतात आणि पाणी वाढण्याची वाट पाहतात.

या कोंडात कुणी गळ टाकत नाही, जाळे लावत नाही. राखलेले डोह इतरही गावांत असतात, त्याचे नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. बोरखोलात माणूस गेला की दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट कुणी पाहत नाही. तो पिंड इथे पाण्यात सोडतात. खडस शिवला की माणूस सुटला, असे मानतात.

ही गोष्ट आम्हांला सांगितली धाकूतात्यांनी. तात्या पंचाहत्तरीचे, जातीने भोई. त्यांच्या घराण्याकडे कोंडाची राखण कधीपासून आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. आम्ही पाच जण मासे पाहायला गेलो होतो. त्यांनी आम्हांला पाहिले तेव्हाच ते वैतागलेले होते, आणि आम्ही त्यांचा वैताग कमी होऊ दिला नाही.

आमच्यातल्या रेग्यांनी वेफर्सची पिशवी फोडून दोन वेफर पाण्यात टाकले.

“ओ पाहुणे,” तात्या म्हणाले, “ते मीठमसाल्याचं तुम्हीच खावा. त्यांना काय तुमच्यासारख्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू नायत.”

रेग्यांनी पिशवी मिटली. मग कोंड किती खोल आहे, असे कुणीतरी विचारले.

“उतरून बघा. वर आलात तर सांगा.”

“आणि चवीला कसे असतात हो हे?” रेग्यांनी विचारले.

तात्यांनी टोपी काढली, डोके खाजवले, टोपी परत घातली. “गेल्या रविवारी पण एकानं हेच विचारलं. त्याच्या आधीच्या रविवारी पण. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी खाल्लेला नाय, मी कुठून चव सांगू? बसा खाली. गोष्ट ऐका आणि मग जा घरी. मधे विचारू नका.”

आम्ही कातळावर बसलो. तात्यांनी सांगितले ते असे.

फार मागे, गावाला रस्ता नव्हता, देवळाला कौले नव्हती, तेव्हाची ही गोष्ट म्हणे. त्या काळी बोरखोलात दरसाल एक चाल होती. चैत्रात देवीची जत्रा संपली की दुसऱ्या दिवशी सगळा गाव कोंडावर यायचा. रानातून गेळाची फळे टोपल्या भरभरून आणायची, कातळावर कुटायची आणि तो चोथा कोंडात टाकायचा. गेळाने मासा झिंगतो. थोड्या वेळाने पांढरी पोटे वर करून मासे तरंगायला लागत. मोठे खडस, मळे नावाचे लहान मासे, बोटभर पिल्ले, सगळेच. मोठे टोपलीत घालायचे, बारीक तिथेच टाकायचे. याला कोंड झिंगवणे म्हणत. त्या रात्री गावात एकही चूल कालवणावाचून राहत नसे.

त्याच गावात लखू भोई नावाचा माणूस राहत होता. पावसाळ्यात लोकांना होडीने पलीकडे न्यायचे, एरवी गळाने मासे धरायचे, हा त्याचा धंदा. नदीची त्याच्याइतकी माहिती कुणाला नव्हती. कोणत्या ओहोळात खडस अंडी घालतो, कोणत्या कातळाखाली तो दुपार काढतो, हे त्याला ठाऊक होते. पण ते त्याच्याकडून कुणाला कळले नाही, कारण लखू बोलत नसे. मुका नव्हता. बोलत नसे, एवढेच. कुणी काही विचारले की तो म्हणायचा, “असू दे.” बरे असले तरी असू दे, वाईट असले तरी असू दे.

त्याची बायको ठमाई. ती बोलायची. त्याच्या वाटचेही तिलाच बोलावे लागायचे, असे सांगतात. जेवण आवडले का, तर असू दे. पाय दुखतोय का, तर असू दे. तुमच्या भावाशी बिनसलंय का, तर असू दे. तीस वर्षे तिने या माणसाशी संसार केला आणि त्याच्या मनात काय आहे ते भुवयांवरून, पाठीवरून, भाकरी किती उरली त्यावरून ओळखायला शिकली. पुष्कळ वेळा ओळखायची. पुष्कळ वेळा चुकायची. चुकली तरी तो सांगत नसे.

त्यांना मूल नव्हते.

एका वर्षी चैत्रात लखूला ताप आला. तीन दिवस तो घोंगडीवर पडून होता. तिसऱ्या दिवशी ठमाईने त्याच्या तोंडात पाणी घातले आणि विचारले, “काय सांगायचंय का?” त्याने नदीच्या बाजूला मान वळवली, हात थोडा हलवला आणि त्याच संध्याकाळी तो गेला. जाताना तरी दोन शब्द बोलेल असे तिला वाटले होते. रडली ती नंतर. आधी ती चिडली, असे म्हणतात.

दहावा दिवस आला तो नेमका जत्रा संपल्याचा दुसरा दिवस. म्हणजे कोंड झिंगवण्याचाच दिवस. गावाने ठरवले की सकाळी पिंड करू, कावळा शिवला की आंघोळी उरकू आणि दुपारी गेळ टाकू. टोपल्या आदल्या दिवशीच भरून आणल्या होत्या. एका अंगाला भटजी भाताचे पिंड मांडत होते आणि दुसऱ्या अंगाला पोरे गेळ कुटत होती.

पिंड लखूच्या धाकट्या भावाने, सुकाने, पानावर ठेवला. सगळे मागे सरले. उंबरावर चार कावळे होते. त्यांतला एक खाली उतरला, पिंडाभोवती एक फेरी मारली, मान तिरकी करून पाहिले आणि परत फांदीवर जाऊन बसला.

गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. तेव्हा इच्छा ओळखून वचन द्यायचे, ही रीत. सुका पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “दादा, वहिनीला मी अंतर देणार नाय.”

कावळा हलला नाही.

“तुझी होडी मी मोडणार नाय. दरसाल डांबर लावीन.”

कावळ्याने चोच फांदीला घासली.

चुलत्यांनी देवीला कोंबडा कबूल केला. कोंबड्याचे नाव ऐकून दुसरा कावळा उडून गेला, तेव्हा मागे कुणीतरी हसले. शेजाऱ्याने बांधावरचे आंब्याचे झाड लखूचेच असल्याचे कबूल केले. त्या झाडावरून दोन्ही घरे बारा वर्षे बोलत नव्हती. तो कबूल झाला, सगळे चकित झाले, पण कावळा झाला नाही. मग एकेक जण पुढे येऊन आपापल्या मनात जे खुपत होते ते बोलू लागला. कुणी कधीकाळी गळ चोरला होता, कुणी होडीत फुकट बसला होता. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आले. पिंड सुकायला लागला.

कावळा शिवल्यावाचून कुणी जेवायचे नाही, हाही नेम. लोक सावलीला सरकले. पोरांनी गेळ कुटून टोपल्या तयार करून ठेवल्या होत्या आणि तीही वैतागली होती. भटजींना संध्याकाळच्या आत पलीकडच्या गावी दुसरे काम होते.

“दर्भाचा कावळा करू,” ते म्हणाले. “शास्त्रात आहे. दर्भाने शिवला की चालतं.”

ठमाई इतका वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, “गवताच्या कावळ्याला यांचं मन काय कळणार? तीस वर्षं मला कळलं नाय.”

“अगं बाई, उन्हं कलायला लागली.”

“कलू देत.”

गावाचा पुढारी तानू गावकर अंगाने भारदस्त होता आणि भुकेला कच्चा. तो म्हणाला, “ठमे, तुला नवऱ्याचं काय ते ठाऊक असणार. सांग ना त्याला काय पाहिजे ते. आम्ही देतो. काय हवं ते देतो, पण सुटू दे एकदा!”

यावर ठमाई उठली. ती कावळ्याकडे गेली नाही. पाण्याच्या कडेला जाऊन, जिकडे मान वळवून तो गेला होता तिकडे तोंड करून उभी राहिली आणि बोलू लागली. ती आर्जव करत नव्हती, असे सांगतात. भांडत होती.

“अवो, बोला की आता! सगळा गाव उपाशी बसलाय तुमच्यापायी. जितेपणी तोंड उघडलं नाय, आता मेल्यावर तरी सांगा. मी काय देवऋषी हाय? किती ओळखायचं एका बाईनं? पायात काटा मोडला तर आठ दिवस लंगडत फिरलात, सांगितलं नाय. माझी आई गेली तेव्हा माझ्या आधी तुम्हांला कळलं होतं, सांगितलं नाय, दुपारी जेवण झाल्यावर सांगितलंत. का, तर मी जेवले नसते म्हणून. हे तरी मला कुणी सांगितलं? सुकानं! तुम्ही नाय!”

सावलीला बसलेले लोक उठून पुढे सरकले. पोरेही टोपल्या सोडून आली.

“आणि जेवणाचं तर विचारूच नका. वर्षभर पानात पडेल ते खायचं आणि कोंड झिंगवल्याच्या दिवशी तेवढं नेमकं उपाशी झोपायचं! गावभर कालवणाचा वास, आणि आमच्या घरात हे पाठ करून पडलेले. मी मीठ कमी घातलं. मीठ जास्त घातलं. आमसूल बदललं. एका वर्षी सासूबाईंच्या हातचं म्हणून शेजारणीकडून मसाला वाटून आणला. तरी हे उठले नायत. तीस वर्षं, तीस वर्षं मी म्हणतेय, माझ्या हाताला चव नाय. दरसाल त्याच दिवशी. एकदा तरी सांगायचंत, की ठमे, मला हा मासा...”

इथे ठमाई थांबली.

ती पाण्याकडे पाहत राहिली, मग मागे वळून गेळाच्या टोपल्यांकडे पाहू लागली. मग ती खाली बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. “म्हणजे चव नव्हती बिघडलेली,” ती म्हणाली. “माझं मेलीचं लक्ष भांड्यात.”

कुणाला काही कळले नाही. तानू गावकराने विचारले, “काय झालं?”

“टोपल्या उचला,” ठमाई म्हणाली.

“काय?”

“गेळ टाकायचं नाय. आज नाय, पुढं पण नाय. त्यांना ते नको होतं. दरसाल नको होतं. पिल्लं तरंगायची ती यांना बघवायची नायत. बघा, कावळा बघा, कसा बसलाय. म्हणा की टाकणार नाय.”

आता गाव चिडला. आंब्याचे झाड देणे वेगळे आणि हे वेगळे. पोरांनी सकाळपासून कुटले होते. घरी वाटणे करून ठेवली होती. तानू म्हणाला, “एका माणसाच्या रुसव्यासाठी गावाची चाल मोडायची? आणि त्याला नको होतं तर त्यानं सांगायचं होतं!”

“तेच मी त्यांना मघापासून सांगतेय,” ठमाई म्हणाली.

“वाडवडलांपासून झिंगवतोय आपण कोंड.”

“मग बसा. मी पण बसते.”

आणि ती पिंडाशेजारी मांडी घालून बसली. सुका तिच्या शेजारी बसला. तो म्हणाला, लहानपणी दादाच्या होडीतून मी कोंडात बघायचो तेव्हा दहा माशांत दोन माझ्या उंचीचे असायचे, आता बोटाएवढेच दिसतात. हे त्याने आधी कधी म्हटले नव्हते. घरचेच वळण ते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागल्या साली माशांच्या टोपल्या अर्ध्याच भरल्या होत्या, हे खरे होते. त्याच्या मागल्या साली त्याहून थोड्या जास्त. सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी म्हणत नव्हते.

ऊन उंबरापलीकडे गेले. भटजींनी पंचा झटकला आणि पुन्हा खांद्यावर घेतला. लहान मुले भुकेने रडायला लागली. तानू गावकर तीनदा उठला, तीनदा बसला. चौथ्यांदा उठला तो टोपल्यांपाशी गेला आणि एकेक उचलून वरच्या बांधापलीकडे भिरकावू लागला.

“नाय टाकणार!” तो ओरडला. “झालं? या कोंडात गेळ नाय, जाळं नाय, गळ नाय! माझ्या पोरानं टाकलं तर त्याचा हात मोडीन! आता तरी जेवू द्या रे!”

सगळ्यांनी वर पाहिले. उंबरावर बसलेला कावळा पंख झाडून उडाला आणि सरळ पलीकडच्या डोंगराकडे निघून गेला.

भटजींनी कपाळाला हात लावला. ठमाई उठली. तिने पिंड पानासकट उचलला, भटजी “अगं, अगं” म्हणेपर्यंत पाण्याशी गेली आणि म्हणाली, “नाय तर नाय. कावळ्याशी तुमचं कधी जमलंच नव्हतं. घ्या, तुमच्या मर्जीच्या ठिकाणी घ्या!”

आणि तिने तो कोंडात टाकला.

भात फुटून पाण्यावर पसरला. तो बुडायच्या आधी खालून पितळी रंगाचे काहीतरी वर आले. एवढा मोठा खडस गावाने पाहिला नव्हता. इतकी वर्षे गेळ टाकूनही तो कोंडात कसा राहिला, कोणत्या कातळाखाली तग धरून होता, ते लखूलाच ठाऊक असणार. त्याने सावकाश तोंड उघडले, भात घेतला, काठाशी एकदा वळला आणि खाली गेला.

गावकऱ्यांनी आंघोळी केल्या आणि सगळे जेवायला गेले. त्या रात्री कुणाकडेच कालवण नव्हते.

तात्या थांबले. रेग्यांनी न राहवून विचारले, “आणि ते वचन पाळलं लोकांनी?”

“मधे विचारू नका म्हटलं होतं ना? पाळलं. हात जोडून दिलेलं असतं तर दुसऱ्या साली विसरले असते. भुकेल्या पोटी, चिडून, सगळ्यांसमोर दिलं. तसलं विसरता येत नाय.”

ठमाई पुढे पुष्कळ वर्षे जगली, असे सांगतात. रोज दुपारी मूठभर भात घेऊन ती कोंडावर यायची. लोकांना वाटायचे, देवदेव करते. जवळ जाऊन ऐकले तर ती भांडत असायची. काल का सांगितलं नाय तुम्ही, बांध फुटलाय म्हणून, सुकाच्या पोरीला असल्या स्थळी मी देऊ देणार नव्हते, तुम्ही असता तर असू दे म्हणाला असता. तिचे बोलणे संपेपर्यंत खडस वर फिरत राहायचे. ती गेल्यावर तिचा पिंडही इथेच सोडला आणि कोंडाला तिचे नाव पडले.

आजही बोरखोलात दहाव्याला असेच करतात. पण भात सोडायच्या आधी जवळच्या माणसाने काठावर उभे राहून गेलेल्यावरचा राग बोलून टाकायचा असतो. गोड बोललेले चालत नाही. “फार चांगली होती हो” असे कुणी सुरू केले की म्हातारी माणसे “ते मागाहून” म्हणून थांबवतात. बाहेरगावचे लोक यावर रागावतात. आमची काही तक्रार नव्हती, म्हणतात.

“गेल्या साली एक जावई आला होता,” तात्या म्हणाले. “तालुक्याला मास्तर. बायको आमच्या गावची, गेली अचानक. मी म्हटलं, मास्तर, बोला. तर म्हणाला, माझं काही म्हणणं नाही. म्हटलं, ठीक, उभे राहा. उभा राहिला. दुपार झाली. भटजी दोनदा घड्याळ बघतात, मी त्यांच्याकडं बघतो, ते घड्याळ खिशात घालतात. घाई कुणी करायची नाय, हा पण नेम. मला तर इतका वैताग आला, वाटलं, जाऊन गदागदा हलवावा त्याला.”

“मग?”

“मग म्हणाला, तू रोज अर्धा चहा कपात ठेवून उठायचीस. रोज. मला चिकट कप विसळावा लागायचा.”

तात्यांनी पाण्याकडे पाहिले. आम्हीही पाहिले. खाली दोन-तीन सावल्या एकाच जागी स्थिर होत्या.

“आणि आला का मासा?” रेग्यांनी हळूच विचारले.

“येणार नाय तर काय?” तात्या वैतागून म्हणाले. “मेव्हण्यानं भात सोडला, मासा आला, खाऊन गेला. आम्ही आंघोळीला उठलो. आणि हा मास्तर पाठमोरा उभा, बोलतोय आपला. कपाचं झालं, छत्रीचं झालं, दाराची कडी कशी लावायची त्याचं झालं. पाण्यात भाताचं शीत राहिलेलं नाय, त्याला पत्ताच नाय. शेवटी मेव्हणा म्हणाला, बोलावू का? म्हटलं, तुला घाई असेल तर तू जा. मी बसतो.”